गिऱ्हाइकांची वही कोणाच्या ताब्यात?

डेमोमध्ये सगळंच चालतं. लॅपटॉपवर दाखवलेल्या यादीत दहा गिऱ्हाइकं असतात, प्रत्येकाचा एक मोबाइल, एक पत्ता आणि एक मशीन. आपल्याकडची गिऱ्हाइकं अशी नसतात. म्हणून कोणतं सॉफ्टवेअर घेऊ असं कोणी विचारलं, की मी नाव सांगत नाही. तुमच्याकडची सगळ्यात गुंतागुंतीची गिऱ्हाइकं कोणती ते आधी विचारते.

नाशिकमध्ये आमचा एसी आणि पाण्याच्या प्युरिफायरच्या सर्व्हिसचा धंदा आहे. एक गाळा, पाच टेक्निशियन, फोन घेणारी एक मुलगी आणि मी. नवीन मशीन विकून फारसं सुटत नाही, घर चालतं ते एएमसीवर, म्हणजे वर्षाच्या देखभालीच्या करारावर. वर्षाचे पैसे आधी घ्यायचे, ठरलेल्या तीन सर्व्हिस द्यायच्या, मध्ये बिघाड झाला तर जायचं. कोणाकडे कोणतं मशीन आहे, मेंब्रेन कधी बदलला, गॅस कधी भरला, किती सर्व्हिस झाल्या आणि किती राहिल्या ही नोंद म्हणजेच आमचा धंदा. ती गेली तर गाळ्यात उरतात फक्त स्पेअर आणि शिड्या.

ती नोंद आमच्या हातून जवळजवळ गेलीच होती. मार्च लागला होता, उन्हाळी कॉल सुरू झाले होते, आणि आम्ही वापरत होतो त्या सॉफ्टवेअरच्या कंपनीची मेल आली: महिनाअखेरीस सेवा बंद होत आहे, आपला डेटा उतरवून घ्यावा. कंपनी लहान होती. ती दुसऱ्या कोणी विकत घेतली होती आणि नव्या मालकाला आमच्यासारख्या छोट्या दुकानांशी व्यवहार करायचा नव्हता. आम्ही एक्स्पोर्टचं बटण दाबलं, फाइल उतरली. तिच्यात नाव, मोबाइल, पत्ता. बस्स. झालेल्या कामांची नोंद वेगळी, तीही महिन्यागणिक पीडीएफमध्ये, आणि त्या पीडीएफमधला गिऱ्हाइकाचा नंबर पहिल्या फाइलमध्ये कुठेच नव्हता. मशीनवरच्या स्टिकरचे फोटो, सीरियल नंबर, गिऱ्हाइकाच्या सह्या यांतलं काहीच बाहेर आलं नाही. फोन लावला तर ‘मॅडम, तिकीट रेज करा’ एवढंच उत्तर. आमच्या तिकिटाकडे कोणी बघण्याआधी एप्रिल उजाडला.

आम्हाला तारलं ते कागदाने. आमचा सगळ्यात जुना टेक्निशियन ॲपवर काम क्लोज करायचा आणि शिवाय कार्बन लावून जॉब कार्डही फाडायचा. ‘ताई, गिऱ्हाइकाच्या हातात काहीतरी राहायला पाहिजे,’ असं त्याचं म्हणणं. त्याची पुस्तकं पोटमाळ्यावर होती. ती काढून ऑफिसातली मुलगी आणि मी भर सीझनमध्ये एकेक कार्ड वाचत बसलो. सिडकोतल्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंना फोन केला, तर त्यांनी फ्रिजवरची प्लास्टिकची पिशवी उतरवली आणि त्यातली कार्डं तारखांसकट वाचून दाखवली: दुसरी सर्व्हिस डिसेंबरात झाली, फिल्टर तेव्हाच बदलला, तिसरी बाकी आहे. असं प्रत्येक घरी नसतं. जिथे ना कार्ड होतं ना गिऱ्हाइकाला आठवत होतं, तिथे आम्ही सर्व्हिस बाकी आहे असं धरून ती दिली. ज्यांची एएमसी त्याच महिन्यांत संपत होती त्यांना आठवण गेलीच नाही, आणि त्यांतले बरेच जण दुसरीकडे गेले. ते अजून परत आलेले नाहीत.

म्हणून माझी पहिली अट बाहेर पडण्याची आहे. आपण भाड्याने जागा घेताना करारात सोडायची मुदत आणि डिपॉझिट आधी वाचतो, मग चावी घेतो. इथेही तसंच करा. ट्रायलच्या काळात आपली खरी वीसएक गिऱ्हाइकं घाला, त्यांची कामं क्लोज करा, फोटो जोडा, एखाद्याचे अर्धे पैसे बाकी ठेवा. मग सगळं उतरवून घ्या आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडा. आता एकच प्रश्न विचारायचा: एका गिऱ्हाइकाचा पहिल्या दिवसापासूनचा सगळा इतिहास या फायलींतून मला लावता येतो का? गिऱ्हाइकांची फाइल, मशीनची फाइल, कामांची फाइल आणि पैशांची फाइल या चारींत गिऱ्हाइकाचा तोच नंबर असला, तर लावता येतो. नसला, तर चारही फायलींचा उपयोग नाही. ‘सपोर्टला सांगा, आम्ही काढून देऊ’ या उत्तरावर व्यवहार करू नका. किती दिवसांत देणार, किती पैसे घेणार, खातं बंद केल्यावर डेटा किती दिवस ठेवणार, आणि सेवाच बंद करायची झाली तर किती आधी कळवणार, हे मेलवर लेखी घ्या. लेखी द्यायला जो टाळाटाळ करतो त्याला तिथेच नमस्कार करा.

दुसरी गोष्ट समजायला मला वेळ लागला नाही, पण विकणाऱ्यांना समजवायला फार लागतो. बाजारातली बहुतेक सीआरएम, म्हणजे गिऱ्हाइकांची नोंद ठेवणारी सॉफ्टवेअर, विक्रीसाठी बांधलेली आहेत. लीड आली, फॉलोअप झाला, डील क्लोज झालं, की त्यांचं काम संपतं. आमचं तिथून सुरू होतं. क्लास, इन्शुरन्स, घरं विकणारे यांना ती चांगली जमतात. एसी, लिफ्ट, पेस्ट कंट्रोल, सीसीटीव्ही करणाऱ्यांना तारखेला परत फिरून येणारं काम सांभाळणारं सॉफ्टवेअर लागतं. आणि त्यातही नोंद कशाच्या नावावर होते ते बघा. गंगापूर रोडवरच्या एका बंगल्यात चार एसी आहेत, चार कंपन्यांचे, चार वेळी घेतलेले. एका दवाखान्यात डझनभर आहेत आणि त्यांतले दोन एएमसीबाहेर आहेत. एका फ्लॅटमध्ये भाडेकरू राहतो, फोन तो करतो, पैसे पुण्यातला मालक देतो. सॉफ्टवेअरमध्ये मशीनला स्वतंत्र जागा नसेल, तर ही माहिती शेऱ्याच्या रकान्यात कोंबावी लागते, आणि शेऱ्यात कोंबलेली माहिती तारखेला आठवण करून देत नाही.

मोबाइल नंबर ही गिऱ्हाइकाची ओळख मानणारी सॉफ्टवेअर पुष्कळ आहेत. आपल्याकडे वडील, मुलगा आणि सातपूरचा त्यांचा कारखाना या तिघांचा संपर्क एकाच नंबरवर असतो. असा नंबर दुसऱ्यांदा टाकून बघा. सॉफ्टवेअर नवीन नोंद घेत नसेल किंवा जुनीवरच लिहीत असेल, तर ते आपल्या कामाचं नाही. नंबर बदलल्यावर इतिहास मागे राहतो की सोबत येतो, तेही बघा. पत्त्यात ‘गणपती मंदिरामागे, पिवळी बिल्डिंग’ लिहायला पुरेशी जागा हवी, कारण टेक्निशियन पिनकोडवर घर शोधत नाही.

जुनी यादी नव्यात भरताना सगळ्यात जपायचं ते तारखांना. आपण ०५/०४ लिहितो ते ५ एप्रिल म्हणून. कॉम्प्युटरची मांडणी अमेरिकन असेल तर एक्सेल ते ४ मे असं वाचतं, काहीही न विचारता. २५/०४ मात्र त्याला तारीख वाटत नाही, कारण पंचविसावा महिना नसतो. ते नुसता मजकूर म्हणून तसंच पडून राहतं. म्हणजे एकाच रकान्यातल्या काही तारखा उलटतात आणि काही मुक्या होतात. आठवणीचे मेसेज चुकीच्या महिन्यात जातात किंवा जातच नाहीत, आणि ते आपल्याला कळतं गिऱ्हाईक रागावल्यावर. यादी भरण्याआधी महिना अक्षरांत लिहिला जाईल अशी तारखांची मांडणी करून घ्या, आणि भरल्यावर बारा तारखेपर्यंतची दहा नावं हाताने तपासा. मराठी नावं असतील तर फाइल यूटीएफ-८ मध्ये साठवा, नाहीतर ‘कुलकर्णी’च्या जागी निरर्थक चिन्हं दिसतात. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधली यादी असेल तर ती आधी युनिकोडमध्ये बदलावी लागते. ते काम पैसे देऊन करून घ्या, पण वगळू नका.

टेक्निशियनला विचारल्याशिवाय ॲप घेऊ नये, हे मी आग्रहाने सांगते. मालक स्क्रीनवरचे तक्ते बघून ठरवतात, वापरायचं मात्र त्याला असतं: एका हातात पक्कड, दुसऱ्यात मोबाइल, बोटं ओली. काम क्लोज करायला दहा रकाने भरावे लागत असतील, तर तो दिवसभराची कामं रात्री घरी बसून आठवणीने भरतो, आणि आठवणीने भरलेली नोंद निम्मी खरी असते. सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये किंवा एमआयडीसीतल्या पत्र्याच्या शेडमध्ये रेंज नसते. ॲप तिथे उघडा, मोबाइल एअरप्लेन मोडवर टाका, एक काम क्लोज करा, फोटो जोडा, मग बाहेर येऊन नोंद पोचली का बघा. विकणाऱ्या माणसासमोरच करा. पंधरा मिनिटांचं काम आहे.

आणखी एका गोष्टीकडे मला तुमचं खास लक्ष वेधायचं आहे. आमच्या जुन्या नोंदी चाळताना शेऱ्याच्या रकान्यात मला हे वाचायला मिळालं: ‘दुपारी आजी एकट्याच असतात, मागच्या दाराने जावे.’ लिहिणाऱ्याचा हेतू सरळ होता, बेल ऐकू येत नाही म्हणून त्याने लिहिलं. पण ती ओळ आमच्या प्रत्येक मुलाच्या मोबाइलवर दिसत होती, काम सोडून गेलेल्यांच्याही, कारण त्यांची खाती बंद केलेली नव्हती. लोक आपल्याला घरात घेतात, स्वयंपाकघरात नेतात. त्यांच्या घराची माहिती आपण अशी उघडी ठेवू शकत नाही. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे, त्याचे नियमही नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि सॉफ्टवेअर कोणाचंही असलं तरी गिऱ्हाइकाच्या माहितीची जबाबदारी ती गोळा करणाऱ्या आपल्यावरच राहते. कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं. टेक्निशियनला फक्त त्याची आजची कामं दिसावीत, काम झालं की नंबर झाकला जावा, आणि माणूस सोडून गेला त्याच संध्याकाळी त्याचं खातं बंद करता यावं. या तीन सोयी ज्यात नाहीत ते कितीही स्वस्त असो, घेऊ नका.

पैशांचं थोडक्यात. दर बहुधा माणशी, महिन्याला आणि वर्षाचे एकदम असे असतात, वर १८ टक्के जीएसटी. तुम्ही कंपोझिशनमध्ये असाल किंवा नोंदणीच नसेल, तर तो कर परत मिळत नाही, तो खर्चातच धरा. दर डॉलरमध्ये असेल तर दरवर्षी आकडा हलतो. व्हॉट्सॲपवरून आपोआप जाणारे मेसेज वेगळे मोजले जातात. जुलै २०२५ पासून मेसेजगणिक आकार आहे, आणि ‘उन्हाळी ऑफर’चा मेसेज ‘आपली सर्व्हिस उद्या आहे’ या मेसेजपेक्षा कितीतरी महाग पडतो. दुकानाचा नंबर या आपोआप मेसेजच्या सेवेला जोडल्यावर तोच मोबाइलवरच्या ॲपमध्येही चालू राहील का, हे आधी विचारा. एसएमएस पाठवायचे तर टेलिकॉम कंपन्यांच्या डीएलटी पोर्टलवर नोंदणी आणि मजकुराची मंजुरी लागते. इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावतात, देवनागरीत ७०, त्यात काना-मात्रेचीही जागा मोजली जाते. त्यामुळे मराठी मेसेज आखूड लिहायला शिकावं लागतं, पण मराठीतच पाठवा. आमचे लोक तो वाचतात.

शेदोनशे गिऱ्हाइकं असतील तर माझं स्पष्ट मत आहे की अजून काही विकत घेऊ नका. गूगल शीटमध्ये गिऱ्हाईक, मशीन आणि कामं अशी तीन पानं करा, प्रत्येकाला एक कायमचा नंबर द्या, तारखा कॅलेंडरवर टाका. झोहोच्या सीआरएममध्ये तीन जणांपर्यंत फुकट सोय आहे, शिकायला तीही बरी. बिलं टॅलीत होत असतील तर तिथेच राहू द्या, फक्त नवीन सॉफ्टवेअरमधून ती परत हाताने टाकावी लागणार नाहीत एवढं बघा. हाताशी एक नीट यादी असली, की पुढे काय घ्यायचं ते ती यादीच सांगते: कोणता रकाना कमी पडतोय, कोणती आठवण चुकतेय.

बदल करायचाच तर सीझन सोडून करा. एसीवाल्यांनी दिवाळी ते संक्रांत हा काळ धरावा, कर सल्लागारांनी जुलै टाळावा, क्लासवाल्यांनी जून. पहिला महिना जुनं आणि नवं दोन्ही चालू ठेवा, आणि रोज संध्याकाळी दोन्हींकडची कामांची संख्या जुळवा.

आणि ज्यांनी आधीच काही घेतलंय त्यांनी या आठवड्यातच सगळा डेटा उतरवून बघा, आमच्यासारखं मेल येण्याची वाट पाहू नका. मालकाच्या लॉगिनचा ओटीपी कोणाच्या मोबाइलवर येतो तेही तपासा. बऱ्याच दुकानांत तो सॉफ्टवेअर बसवून देणाऱ्याच्या किंवा ऑफिसातल्या माणसाच्या नंबरवर येतो. तो आजच आपल्या नंबरवर घ्या. आम्ही आता दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी चारही फायली उतरवतो, पेन ड्राइव्हवर ठेवतो, आणि कोणतंही एक नाव निवडून त्याचा इतिहास लावून बघतो. जॉब कार्डाची पुस्तकंही छापून आणली आहेत, पाचही जणांसाठी.