थांबायला किती रस्ता लागतो?

तुमच्यापैकी बहुतेकांना सायकल येते. तुम्ही ती किती वेगाने चालवता असे विचारले, तर चटकन उत्तर द्याल. थोडे वाढवूनही सांगाल! पण ब्रेक दाबल्यावर ती किती अंतरावर थांबते, असे विचारले तर? या दुसऱ्या प्रश्नाकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. आज आपण त्याचाच विचार करू.

लंडनमध्ये रीजंट्स पार्क नावाचे मोठे उद्यान आहे. त्याच्या कडेने आउटर सर्कल नावाचा, चार किलोमीटरांहून थोडा लांब असा रस्ता फिरतो. वेगाचा सराव करणारे सायकलस्वार तेथे गट करून फेऱ्या मारतात. त्याच रस्त्यावर मोटारी असतात आणि फिरायला आलेली माणसे तो ओलांडतही असतात. जून २०२२ मध्ये अशाच एका गटातील सायकलस्वाराची एका वृद्ध पादचारी स्त्रीला धडक बसली. सुमारे दोन महिन्यांनी तिचा मृत्यू झाला. २०२४ मध्ये या मृत्यूची चौकशी झाली. गटाचा वेग ताशी २५ ते २९ मैल, म्हणजे सुमारे ४० ते ४७ किलोमीटर होता, असे तीत सांगण्यात आले. त्या रस्त्यावर वेगमर्यादा होती ताशी २० मैल, म्हणजे ३२ किलोमीटर. परंतु ती मर्यादा मोटारींसाठी होती, सायकलींना लागू नव्हती. सायकलस्वारावर खटला झाला नाही.

कायद्याच्या दृष्टीने प्रकरण तेथे संपले. पण निसर्गाचे नियम मोटार आणि सायकल असा भेद करीत नाहीत. ते नियम काय सांगतात ते पाहू.

थांबण्याचे दोन भाग

समोर अडथळा दिसला की आपण लगेच थांबत नाही. डोळ्यांनी पाहायचे, मेंदूने ओळखायचे, बोटांनी ब्रेक दाबायचा, या सर्वाला वेळ लागतो. अचानक उद्भवलेल्या प्रसंगी हा वेळ सुमारे १ सेकंद धरू. तेवढ्या वेळात सायकल मूळच्या वेगानेच पुढे जात राहते. हा झाला पहिला भाग.

दुसरा भाग ब्रेक लागल्यानंतरचा. कोरड्या, सपाट रस्त्यावर, ब्रेक चांगले असतील तर, सायकलचा वेग दर सेकंदाला सुमारे ५ मीटर प्रतिसेकंद इतका कमी करता येतो. या भागातले अंतर काढायला वेगाचा वर्ग करून त्याला या दराच्या दुपटीने, म्हणजे १० ने भागायचे.

ताशी १८ किलोमीटर म्हणजे सेकंदाला ५ मीटर. पहिला भाग ५ मीटर, दुसरा २५ भागिले १०, म्हणजे अडीच मीटर. एकूण साडेसात मीटर.

ताशी ३२ किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे ९ मीटर. पहिला भाग ९, दुसरा ८. एकूण १७ मीटर.

ताशी ४७ किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १३ मीटर. पहिला भाग १३, दुसरा १७. एकूण ३० मीटर.

आता कल्पना करा, की १७ मीटरांवर एक माणूस रस्त्यात आला. ताशी ३२ किलोमीटर वेगाचा सायकलस्वार त्याच्यापाशी येऊन थांबेल. दुसरा सायकलस्वार ताशी ४७ किलोमीटर वेगाने येत आहे. त्याचे १३ मीटर ब्रेक दाबण्यापूर्वीच संपले. ब्रेकसाठी उरले अवघे ४ मीटर. त्या माणसापर्यंत पोचेल तेव्हा त्याचा वेग किती असेल? गणित करून पाहा. उत्तर येते ताशी सुमारे ४१ किलोमीटर! पहिला जेथे पूर्ण थांबला, तेथे दुसऱ्याचा वेग जेमतेम कमी झालेला असतो.

मग ब्रेक आणखी जोरात दाबला तर? सायकल उंच आणि आखूड असते. ब्रेक लागताच भार पुढच्या चाकावर जातो आणि मागचे चाक हलके होते. पुढचा ब्रेक फारच जोरात दाबला तर मागचे चाक उचलले जाऊन स्वार हँडलवरून पुढे फेकला जातो. म्हणून सायकलला मोटारीइतक्या कमी अंतरात थांबवता येत नाही. रस्ता ओला असेल तर अंतर आणखी वाढते.

गट इतका वेगाने का जातो?

सपाट रस्त्यावर वेगाने जाणाऱ्या सायकलस्वाराची बहुतेक शक्ती हवा बाजूला सारण्यात खर्च होते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यासाठी लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात. ताशी ३२ चे ४७ किलोमीटर करायचे, तर हवेसाठी तिपटीहून अधिक शक्ती हवी. एकट्याला हे फार वेळ झेपत नाही.

पण एखादा दुसऱ्याच्या अगदी मागे राहिला, तर पुढच्याने हवा आधीच सारलेली असते. मागच्याचे श्रम साधारण पाव ते एक तृतीयांश कमी होतात. आळीपाळीने पुढे येत गट एकट्यापेक्षा अधिक वेगाने जातो. मात्र हा लाभ मिळवण्यासाठी दोन चाकांतले अंतर अर्ध्या मीटरवर आणावे लागते. खरी अडचण येथेच आहे.

सेकंदाला १३ मीटर वेगाने अर्धा मीटर कापायला लागतो सेकंदाचा सव्विसावा भाग. आपला प्रतिक्रियेचा वेळ तर १ सेकंद! म्हणजे पुढच्याने जोरात ब्रेक दाबला, तर मागचा त्याच्यावर आदळणारच. पुढचे चाक दुसऱ्याच्या मागच्या चाकाला घासले, की ते हवे तसे वळवता येत नाही. सायकलचा तोल तर हँडल किंचित वळवूनच सांभाळला जातो. म्हणून पडतो तो बहुधा मागचा. हे ठाऊक असल्याने पुढचा स्वार ब्रेक दाबायला कचरतो. मागच्याला पुढच्या पाठीपलीकडचा रस्ता नीट दिसत नाही. पुढच्याने हाक दिली आणि प्रत्येकाने ती अर्ध्या सेकंदात मागे पोचवली, तरी आठव्याला कळेपर्यंत साडेतीन सेकंद जातात. तेवढ्यात त्याने ४५ मीटर रस्ता कापलेला असतो.

थोडक्यात, गटाने श्रम वाचवले, पण ते थांबण्याचे अंतर देऊन. मोकळ्या रस्त्यावर ही किंमत सायकलस्वार स्वतः मोजतो. पण जेथे मुले खेळतात, वृद्ध फिरतात, तेथे ती दुसऱ्याला मोजावी लागते; आणि त्याला तर कोणी विचारलेलेही नसते.

ब्रेक नसलेली सायकल

तुम्हाला नवल वाटेल, पण वेलोड्रोम म्हणजे सायकल शर्यतीच्या तिरप्या धावपट्टीवर ज्या सायकली धावतात, त्यांना ब्रेकच नसतात! तरीही तेथे शर्यती होतात, कारण सर्वजण एकाच दिशेने जातात, मध्ये कोणी आडवे येत नाही आणि पुढच्याला एकाएकी थांबता येत नाही. वेग तोच, जागा बदलली की त्याचा धोका बदलतो.

म्हणून हे लक्षात ठेवा: जेवढा रस्ता मोकळा दिसतो, तेवढ्यात थांबता येईल इतकाच वेग ठेवावा. वळणावर, झाडाआड, उभ्या मोटारीपाशी हे अंतर एकाएकी कमी होते; तेथे वेगही कमी व्हायला हवा. माणसे दिसू लागताच गटाने फुटावे, एकामागे एक जावे आणि पुढच्यापासून निदान १ सेकंदाचे अंतर ठेवावे. ताशी १८ किलोमीटर वेगाला ते ५ मीटर होते. घंटा लवकर वाजवावी, पण घंटा म्हणजे ब्रेक नव्हे. ती सर्वांना ऐकू येईलच असे नाही. वेगाचा सराव करायचा तर जागा आणि वेळ अशी निवडावी, की मध्ये कोणी येणारच नाही.

करून पाहा

मित्राला एक पट्टी उभी धरायला सांगा. शून्याच्या खुणेपाशी तुमची बोटे न टेकता ठेवा. त्याने न सांगता पट्टी सोडली की पकडा. २० सेंटीमीटरांच्या खुणेवर पकडलीत, तर तुमचा प्रतिक्रियेचा वेळ ०.२ सेकंद. पण येथे तुम्ही वाटच पाहत होता. आता गप्पा मारता मारता पुन्हा करा आणि फरक पाहा.

नंतर शिक्षकांच्या देखरेखीखाली, रिकाम्या मैदानावर, मध्यम वेगाने सायकल चालवा. शिट्टी वाजताच मित्राने तुमच्या जागी खूण करावी. तुम्ही थांबलात तेथवरचे अंतर टेपने मोजा. मोजण्यापूर्वी तुमचा अंदाज वहीत लिहून ठेवा. अंदाज आणि माप यांत जो फरक येईल, तेवढा रस्ता तुम्ही आजवर हिशेबातच धरला नव्हता.