हा नॉइज टाकला कुणी?

कॉलेजचं नाव लिहीत नाही, एचओडी सरांचंही नाही. ओळखणारे ओळखतील.

सायबर सिक्युरिटीच्या मुलांना डिजिटल इमेज प्रोसेसिंग मी शिकवायचं, हे मला लोडच्या यादीत नाव वाचून कळलं. 'मॅडम, तुम्ही ई अँड टीसीच्या, तुम्हाला काय अवघड?' एवढीच काय ती चर्चा. हातात पडलेलं लॅब मॅन्युअल माझ्या जुन्या डिपार्टमेंटचंच, कव्हरवर शाखेचं नाव तेवढं बदललेलं. आत मॅटलॅबचे ठरलेले प्रयोग आणि पानोपानी लेना. १९७२ च्या 'प्लेबॉय'मधून कापलेलं ते चित्र आयईईई कॉम्प्युटर सोसायटी १ एप्रिल २०२४ पासून शोधनिबंधांत स्वीकारत नाही. वर्गात निम्म्या मुली. चित्र बदलू का, असं विचारलं तर म्हणे, 'एक्स्टर्नलला ओळखीचं लागतं.'

सुरुवात मॅन्युअलप्रमाणेच केली. मागच्या सेमिस्टरला वायरशार्कमध्ये पॅकेट्स उसवत बसलेली ही मुलं. चांगल्या फोटोवर आपणच सॉल्ट अँड पेपर नॉइज टाकायचा आणि आपणच तो मीडियन फिल्टरने झाडायचा, यात त्यांना काय गोडी लागणार? मागच्या बाकावरून प्रश्न आला, 'मॅडम, पण हा नॉइज टाकला कुणी?' वर्ग हसला. मी पुस्तकातलं सांगितलं: कमी प्रकाश, सेन्सर, ट्रान्समिशन. त्यावर तो म्हणाला, 'म्हणजे कुठल्या फोनच्या सेन्सरने टाकला ते शोधता येईल?'

मी खडू खाली ठेवला. गॉन्झालेझ आणि वुड्सच्या पुस्तकात चित्र बिघडतं ते आपोआप. कुणी मुद्दाम बिघडवत नाही, कुणी काही लपवत नाही. या मुलांच्या विषयात मात्र प्रत्येक बिघाडामागे कुणीतरी असतं, आणि ते कोण हे शोधणं हेच त्यांचं काम. शिवाय त्याच्या प्रश्नाचं उत्तर 'हो' असंच होतं. बिंगहॅम्टन विद्यापीठातल्या जेसिका फ्रिड्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्येच ते दाखवलंय. सेन्सरचा प्रत्येक पिक्सेल प्रकाशाला किंचित वेगळा प्रतिसाद देतो, तो फरक त्या कॅमेऱ्याच्या प्रत्येक फोटोत उतरतो आणि त्यावरून फोटो कुठल्या कॅमेऱ्याचा ते पडताळता येतं. जे पुसायला आम्ही जर्नलची पानं भरत होतो, तोच पुरावा.

नवी प्रयोगांची यादी घेऊन सरांकडे गेले. 'सिलॅबस युनिव्हर्सिटीचा आहे, आपण कोण बदलणारे?' मी म्हटलं, सिलॅबसला हात लावत नाही, प्रयोगांची नावंही तीच ठेवते, फक्त आतला माल बदलते. तेव्हा मोबाइलवरून नजर न काढता म्हणाले, 'मग करा हो मॅडम, कोण बघतंय.'

पुढे ज्यांच्या गळ्यात हा विषय पडेल त्यांच्यासाठी लिहिते. पहिले काही तास ओपनसीव्ही उघडूच नका. ते फाइल वाचतं आणि उलगडलेले पिक्सेल तेवढे हातात देतं. यांना शिकायचं असतं ते नेमकं फाइलमध्येच राहून जातं. फोटो हेक्स एडिटरमध्ये उघडायला लावा. पीएनजी कुठे संपते ते दिसलं, की २०२३ मधला 'अ‍ॅक्रोपॅलिप्स'चा घोळ सांगा. पिक्सेल फोनमध्ये कापलेल्या स्क्रीनशॉटच्या फाइलीत, शेवटाच्या खुणेनंतर, जुन्या चित्राचे बाइट्स तसेच उरत होते.

जेपीईजीचं क्वांटायझेशन सूत्रातून डोक्यात शिरत नाही. शेवटच्या बिटांत निरोप लपवून तो फोटो व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवायला सांगा. पलीकडे निरोप पोचत नाही. तोच डॉक्युमेंट म्हणून पाठवला की पोचतो. मग 'का?' हे त्यांनाच विचारा. (मूळ चित्र पीएनजीतच सेव्ह करायला बजावा, नाहीतर निम्मा तास 'मॅडम, कोड चालत नाही' ऐकण्यात जातो.) एईएसच्या ईसीबी मोडमध्ये एन्क्रिप्ट केलेलं पेंग्विनचं चित्र सगळ्यांनी पाहिलेलं असतं, पण पीएनजी किंवा जेपीईजी फाइल जशीच्या तशी एन्क्रिप्ट केली तर पेंग्विन दिसत नाही. बीएमपी घ्या, हेडर सोडा, पुढचं एन्क्रिप्ट करा. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सेन्सरच्या प्रयोगासाठी एकाच फोनने मोकळ्या आकाशाचे पन्नासेक फोटो काढा, पूर्ण रिझोल्यूशनचे, ब्यूटी मोड बंद करून. ग्रुपवर आलेले फोटो चालत नाहीत.

प्रतिमांवरच्या अँड, ऑर, एक्सॉर क्रिया हा पुस्तकातला सगळ्यात झोपाळू भाग. तो मी २०२१ च्या 'फोर्स्डएन्ट्री'वर शिकवला. एनएसओ ग्रुपचा हा हल्ला सिटिझन लॅबला एका सौदी कार्यकर्त्याच्या आयफोनमध्ये सापडला. नावाला जीआयएफ, आत पीडीएफ, आणि त्यात स्कॅन केलेली काळी-पांढरी पानं आवळून ठेवणारी जेबिग२ पद्धत. ती उलगडणाऱ्या कोडमध्ये इंटिजर ओव्हरफ्लो होता. खरी करामत पुढे. जेबिग२ मध्ये एका चित्रावर दुसरं चित्र अँड, ऑर, एक्सॉरने चढवता येतं. एवढ्याच क्रिया एकमेकींना जोडून हल्लेखोरांनी फोनच्या मेमरीत ७०,००० हून जास्त आज्ञांचा छोटा संगणकच उभा केला. गूगलच्या प्रोजेक्ट झीरोने हे सविस्तर मांडलंय. फोनच्या मालकाला कशावर बोटही ठेवावं लागत नव्हतं. हे ऐकल्यावर एक्सॉरचा तक्ता कुणाकडून पाठ करून घ्यावा लागला नाही.

बाकी नेहमीचं: तयारी आधी करा, दुसऱ्याचे फोटो त्यांना न विचारता वापरू देऊ नका, धीर धरा. आणि सोबेलचा मास्क मात्र घोटून घ्या. आमच्या एक्स्टर्नलनी ओरलला तेवढाच विचारला. कॅमेरा ओळखून दाखवणारी पोरं त्यावर अडली, आणि 'मॅडम सिलॅबस सोडून शिकवतात' ही कुजबुज स्टाफरूममध्ये माझ्या आधी पोचली.

फीडबॅकच्या मीटिंगमध्ये सरांनी पहिल्या महिन्याचे, म्हणजे त्यांच्या मॅन्युअलच्या काळातले, आकडे सगळ्यांसमोर वाचले. नंतरचे वाचले नाहीत. एनबीएची टीम आली तेव्हा मात्र माझे प्रयोग 'विभागाचा अभिनव उपक्रम' म्हणून स्लाइडवर झळकले. सादर करणारे सर. मला चहाच्या व्यवस्थेवर ठेवलं होतं.

म्हणून परवानगी तोंडी घेऊ नका. यादी मेल करा, प्रत्येक प्रयोगापुढे सिलॅबसमधली ओळ लिहा, उत्तर येईपर्यंत पुन्हा पुन्हा पाठवा, आणि कोर्स फाइलच्या प्रत्येक पानावर आपलं नाव टाका. 'करा हो मॅडम, कोण बघतंय' हे वाक्य मी मीटिंगमध्ये सरांना आठवून दिलं. ते म्हणाले, असं ते कधी बोललेच नाहीत.