बरोबरीचा धनी

कीर्तन आटोपल्यावर नोकरी करणारी मंडळी हल्ली एक प्रश्न वारंवार विचारतात. "महाराज, साहेबांचे बोलणे सोसवते हो, पण शेजारच्या टेबलावरचाच साहेब होऊन बसला, तर काय करावे?" हा माणूस हुद्द्याने बरोबरीचा, पगारही तोच. पण फाईल आधी त्याला दाखवावी, रजा त्याला विचारून टाकावी, आणि रात्री १० वाजताही मोबाईलवर त्याचा हुकूम यायचाच.

गीतेच्या तिसऱ्या अध्यायात स्वधर्म-परधर्माचा विचार आला आहे. दुसऱ्याच्या वाट्याचे कर्म ओढून घेणाऱ्यालाही तो लागतो, हे आपल्या ध्यानात येत नाही. मग कोणी शंका घेईल, जुन्या जाणत्या सहकाऱ्याचा सल्लाही घेऊ नये काय? छे, छे! सल्ला देऊन मोकळा होतो तो स्नेही. न ऐकल्यास रुसतो, कान भरतो, तो धनी होऊ पाहणारा.

वारकऱ्याची येथे पंचाईत होते. आपल्याला सर्वांच्या पाया पडण्याची सवय. पण नम्रता म्हणजे आपले काम दुसऱ्याच्या स्वाधीन करणे नव्हे. उद्या चूक निघाली, तर कागदावर सही तुमची असते बरे!

माउलींच्या पालखी सोहळ्याकडे पाहा. १९ व्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी त्याला शिस्त लावली. बाबा शिंदे सरकारच्या पदरचे सरदार. फौज कशी चालते ते जाणणारे. मुक्कामी समाज आरतीला चोपदार चोप उंचावतात आणि टाळ थांबतात. ज्या दिंडीचे गाऱ्हाणे असेल, ती मात्र टाळ वाजवीतच राहते. चोपदार तेथे जातात, ऐकून घेतात, निवाडा होतो, मग आरती. म्हणजे गाऱ्हाणे त्याच दिवशी, उघडपणे, आणि अधिकार असेल त्याच्यापुढेच.

कचेरीत टाळ वाजविता येत नाहीत, हे खरे. पण रीत हीच. प्रथम त्या गृहस्थाला एकट्याला गाठून शांतपणे सांगावे, "तुमची सूचना ऐकली, काम माझ्याकडे आहे, मी साहेबांना विचारून ठरवतो." दोन-तीनदा सांगून भागले नाही, तर कोणाचे काम कोणते, हे साहेबांकडून लेखी मागून घ्यावे. चहाच्या टपरीवर त्याची निंदा करून काय होणार? निवाडा करणारा तेथे नसतोच. रात्रीच्या हुकुमाला उत्तर सकाळी, कचेरी उघडल्यावर. आणि तो समोर आला की "रामकृष्ण हरी" म्हणावेच. त्याला साहेबांची परवानगी लागत नाही.