आधी श्रोत्यांची यादी

अकोला

चि. बाळ यास,



तुझे पत्र मिळाले. तुमच्या भागातील ज्येष्ठ नागरिक संघाने सेवानिवृत्तांसाठी दर बुधवारी एक पाहुणा वक्ता बोलावून व्याख्यानमाला चालविण्याचे ठरविले असून, तू महाविद्यालयात शिकवितोस आणि विद्यापीठात तुझी ऊठबस आहे एवढ्या भांडवलावर तिची चिटणिशी तुझ्याकडे सोपविली आहे, हे वाचून समाधान वाटले. मात्र वर्षभराच्या वक्त्यांची यादी मी सुचवावी ही तुझी विनंती तूर्त नामंजूर करीत आहे. सारी हयात महसूल खात्यात गेल्यामुळे अर्ज फेटाळताना कारणे नमूद करण्याचा शिरस्ता अंगी मुरला आहे. म्हणून ती कारणे देतो.

वक्ते मिळविणे तुमच्या गावी अवघड नाही. १९२३ साली किंग एडवर्ड कॉलेज निघाले तेव्हापासून अमरावतीत प्राध्यापकांची वस्ती आहे; त्याच वर्षी विदर्भ साहित्य संघाची स्थापनाही तुमच्याच गावी झाली; पुढे १९३२ त पंजाबराव देशमुखांनी शिवाजी शिक्षण संस्था उभी केली, आणि १ मे १९८३ रोजी नागपूरपासून वेगळे होऊन स्वतंत्र विद्यापीठ आले. परंतु हीच गोष्ट उलट बाजूने पाहा. ज्या गावात एवढ्या संस्था आणि वर विभागीय आयुक्तांची कचेरी इतकी वर्षे नांदली, त्या गावात दर महिन्याच्या अखेरीस कोणी ना कोणी शाल आणि श्रीफळ घेऊन कायमचा घरी परतत आला आहे, आणि तुमच्या सभागृहातील खुर्च्यांवर बहुतांशी हीच माणसे बसणार आहेत. तेव्हा वक्त्यांच्या यादीआधी या माणसांची यादी कर. नाव, खाते, कोणकोणत्या ठिकाणी बदल्या झाल्या, आणि कोणत्या एका विषयावर कागद हाती न घेता अर्धा तास बोलता येईल, एवढे चार रकाने पुरेत. शेवटचा रकाना भरताना पुष्कळजण संकोचतील, 'आम्हाला काय येते' म्हणतील. तेथे तू चिकाटी सोडू नकोस.

त्या रकान्यात काय निघेल याची तुला कल्पना नसावी. एखाद्या नामवंत अर्थशास्त्रज्ञाने वऱ्हाडातील शेतीच्या दुरवस्थेवर व्याख्यान द्यावे आणि तिसऱ्या ओळीत एक निवृत्त तलाठी गप्प बसून ऐकत असावा, हे दृश्य मला नेहमीच खटकते. दुष्काळी सवलती ज्या पैसेवारीवर अवलंबून असतात ती आधी नजरअंदाज, मग सुधारित आणि शेवटी अंतिम अशी जाहीर होते. ती पन्नास पैशांच्या आत आली तर शेतसाऱ्यात सूट आणि मुलांच्या परीक्षा शुल्काची माफी, आणि पन्नासाच्या वर एक पैसा गेली तर काही नाही. आणि हा सारा डोलारा ज्या पीक कापणी प्रयोगांवर उभा असतो ते कोणत्या शेतात, कोणाच्या देखत आणि किती लगबगीने उरकले जातात, हे त्या तलाठ्याला जसे ठाऊक असते तसे त्या अर्थशास्त्रज्ञाला ग्रंथांतून कळणे नाही. १९७२ साली कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली. त्या योजनेत काम केलेला ग्रेडर तुमच्याकडे असला, तर मूठभर सरकी-कापूस चिमटीत ओढून त्याची प्रत ठरविणे म्हणजे काय आणि त्या चिमटीवर संक्रांतीच्या आधी गाडीवाल्याचे वर्ष कसे ठरत असे, हे तो सांगेल. मेळघाटात चिखलदऱ्याच्या पलीकडे कोरकू मुलांना आधी त्यांच्या भाषेतून आणि मग मराठीतून मुळाक्षरे शिकविणारी बाई, पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात गोड्या पाण्याच्या नळयोजनांसाठी जन्मभर नकाशे काढलेला अभियंता, मूर्तिजापूरहून एके काळी सुटणाऱ्या शकुंतला गाडीच्या अरुंद रुळांवर हिरवा झेंडा दाखविणारा गार्ड, हे सर्व तुझ्या यादीत असू शकतात. आमच्या अकोल्यात तर १९६९ साली निघालेल्या कृषी विद्यापीठातून बाहेर पडलेले इतके वैज्ञानिक फिरावयास निघतात की सकाळच्या वेळी ज्वारीच्या वाणांची माहिती रस्त्यावर फुकट मिळते.

म्हणून माझा तुला एकच आग्रह आहे: पाहुण्या वक्त्याला तुमच्या श्रोत्यांचा परिचय करून दे, आणि तो आगाऊ, लेखी. सभांमध्ये वक्त्याचा परिचय श्रोत्यांना वाजवीपेक्षा अधिकच करून दिला जातो. पण समोर कोण बसले आहे हे वक्त्याला कोणी सांगत नाही, आणि मग पांढरे केस पाहून तो आवाज मृदू करतो, आनंदाने कसे जगावे ते समजावू लागतो, मधूनमधून विनोद पेरतो. माझ्यासमोर एकदा एका विद्वानाने साठ-सत्तर वयस्क गृहस्थांना टाळ्या वाजवून हात वर करावयास लावले होते. गृहस्थांनी ते केले, कारण आपली माणसे भिडस्त असतात; पण त्यांतील कित्येकांनी आयुष्यात पुराचे बंदोबस्त केले होते, निवडणुका पार पाडल्या होत्या, दंगलीत संचारबंदीचे हुकूम बजावले होते. उतारवयात मनुष्याला सर्वांत जाचते ती गुडघेदुखी नव्हे, तर आपल्याला आता कोणी काही विचारीत नाही ही जाणीव होय; आणि जी व्याख्यानमाला त्याला पुन्हा नुसते ऐकावयासच बसविते ती त्या जाणिवेत भरच घालते.

परदेशांत या प्रश्नाचा खल झालेला आहे. १९७३ साली फ्रान्समधील तुलूझ येथे प्येर व्हेल्लास या प्राध्यापकाने निवृत्तांसाठी विद्यापीठाचे दरवाजे उघडले आणि 'तिसऱ्या वयाचे विद्यापीठ' असे त्याचे नाव पडले. तेथे शिकविणार विद्यापीठ आणि शिकणार वृद्ध, अशी विभागणी होती. पुढच्या दशकाच्या प्रारंभी ही कल्पना इंग्लंडात केंब्रिजला पोहोचली तेव्हा पीटर लॅस्लेट या इतिहासकाराने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तिची मांडणी पालटली: शिकणारेच शिकवितील, पदवी नाही, परीक्षा नाही, ज्याला जे येते त्याने ते इतरांना द्यावे. तुमच्या संघाला विद्यापीठ जवळ असल्यामुळे तुलूझचा मार्ग सोपा वाटेल आणि तो सर्वस्वी सोडावा असे मी म्हणत नाही, कारण बाहेरचा वारा आत आला पाहिजे. पण महिन्यातून एक बुधवार तरी केंब्रिजच्या रीतीने चालावा, वक्ता तुमच्यातलाच असावा, आणि त्याला पाहुण्याइतकाच मान, तेवढाच वेळ आणि तोच ध्वनिक्षेपक मिळावा.

अर्थात यासाठी केंब्रिजपर्यंत जाण्याची तरी काय गरज! ज्यांचे नाव तुमच्या विद्यापीठाला दिले आहे ते गाडगेबाबा अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावचे; शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नव्हते, आणि दिवसा गाव झाडून रात्री ते जे कीर्तन करीत त्यात निम्मा भाग श्रोत्यांना घातलेल्या प्रश्नांचा असे. कर्ज काढून सण करावा का, देवाला बकरे लागते का, असे विचारीत विचारीत ते उत्तर लोकांच्याच तोंडून, वऱ्हाडी बोलीत, वदवून घेत. असा सभाशास्त्रज्ञ आपल्या वऱ्हाडात होऊन गेला असता आपण व्याख्यानाच्या शेवटी 'वेळेअभावी प्रश्नोत्तरे होऊ शकत नाहीत' असे जाहीर करतो, याची मला खंत वाटते. तुझ्या सभेत चाळीस मिनिटे भाषण आणि तेवढाच वेळ प्रश्नांना, हा जाबता पाहुण्यास पत्रातच कळवावा, आणि तो मंजूर नसलेला मनुष्य कितीही मोठा असला तरी बोलावू नये.

हा वेळ आणावयाचा कोठून, असे तू म्हणशील. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, परिचय, सत्कार, अध्यक्षीय समारोप आणि आभार हे सर्व बरखास्त केलेस की आपोआप मिळेल. यांत अध्यक्षीय समारोप हा प्रकार सर्वांत घातक, कारण त्यात वक्त्याचेच भाषण पुन्हा एकदा, थोडे बिघडवून, ऐकावे लागते. लोकप्रतिनिधी आले तर आदराने पहिल्या रांगेत बसवावे. व्यासपीठावर एकच खुर्ची असली म्हणजे पेच पडत नाही.

पुण्याची वसंत व्याख्यानमाला १८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने सुरू झाली आणि आपल्याकडच्या बहुतेक व्याख्यानमालांनी तिचाच कित्ता गिरविला; पण ती वार्षिक उत्सवासारखी आहे, आणि पुण्याचा वसंत आपल्याकडे भट्टी पेटवितो. चैत्र-वैशाखात वऱ्हाडात दुपारी चारला सत्तरीच्या माणसास घराबाहेर काढणे हा गुन्हा समजावा. त्या दोन महिन्यांत सभा सकाळी साडेसातला घे. शिवाय साप्ताहिक सभेचा धर्म आठवडी बाजाराचा आहे: आज कोण काय विकावयास आले आहे हे न विचारता माणसे येतात, कारण तो बाजाराचा दिवस असतो. म्हणून वक्ता ऐनवेळी आला नाही तरी बुधवार रद्द करू नकोस. तुझ्या यादीतील चौथा रकाना अशाच दिवशी उपयोगी पडेल.

विषयांबाबत थोडे. आरोग्य, गुंतवणूक आणि अध्यात्म या तीनच खांबांवर अशा माला उभ्या राहतात असे मी पाहतो. डॉक्टर जरूर बोलवावा, पण दर पंधरवड्याला बोलावलास तर श्रोत्यांचे रुग्ण होतात. त्यापेक्षा त्यांना रिद्धपूरला न्यावे. म्हाइंभटांनी जेथे लीळाचरित्राची जुळवाजुळव केली ते गाव तुमच्यापासून थोडक्या अंतरावर आहे, आता तेथे मराठी भाषेचे विद्यापीठही झाले आहे, आणि तरीही अमरावतीतील किती पेन्शनरांनी ते पाहिले असेल याची मला शंकाच आहे.

एका विषयाची मात्र शिफारस नव्हे, ताकीद करतो. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा २००७ साली झाला आणि त्याखालील न्यायाधिकरण उपविभागीय अधिकाऱ्यांपुढे चालते, एवढे हल्ली बऱ्याच जणांना ठाऊक असते. पण त्यातील तेविसावे कलम क्वचितच कोणी वाचलेले असते. मुलाच्या नावे घर बक्षीसपत्राने करून देताना 'त्याने आमचे पालनपोषण करावे' अशी अट दस्तात घातलेली असेल आणि पुढे ती पाळली गेली नाही, तर ते हस्तांतर रद्द ठरविता येते. अटच लिहिलेली नसली की सारे प्रकरण लंगडे पडते, आणि आपल्याकडे ती लिहीत नाहीत, कारण पोटच्या पोराला अट घालावयाची लाज वाटते. नोंदणीच्या दिवशी वाटलेली ही लाज पुढे दहा वर्षांनी अर्जाच्या मजकुरात कशी उतरते ते मी पाहिले आहे. या विषयावर वकील बोलावशील तर त्याच्यासोबत एक निवृत्त दुय्यम निबंधकही बसव. वकील कायदा सांगेल, आणि माणसे दस्त वाचल्याशिवाय सही कशी ठोकतात ते दुसरा सांगेल.

आणखी एक गोष्ट, जी संघाच्या कार्यकारिणीला सुचणार नाही. तुमच्या सभेस जे पुरुष येतील त्यांच्या घरी असलेल्या बायकांना कोणत्याही सरकारने निवृत्तीचा हुकूम काढलेला नाही. सहा वाजताची सभा ठेवलीस तर स्वयंपाकाची वेळ आड येईल आणि मग 'महिलांचा प्रतिसाद अल्प' असा शेरा इतिवृत्तात पडेल. हिवाळ्यात साडेतीनची वेळ ठेव, आणि यादीच्या रकान्यांत 'खाते' या शब्दाखाली 'घर' लिहिण्याची मुभा दे. तीस वर्षे एका पगारात चार मुलांची शिक्षणे करणाऱ्या बाईने हिशेबावर अर्धा तास बोलावे, असे मला फार वाटते.

या मालेत एक प्रसंग वारंवार येईल, त्याची तयारी असू दे. मागच्या बुधवारी प्रश्न विचारणारा गृहस्थ पुढच्या बुधवारी नसेल. अशा वेळी उभे राहून दोन मिनिटे शांतता पाळावी, त्याने विचारलेला शेवटचा प्रश्न इतिवृत्तातून वाचून दाखवावा आणि लगेच वक्त्यास पाचारण करावे. श्रद्धांजलीची भाषणे सुरू झाली की माणसे आपापली पाळी मोजू लागतात. त्यासाठी प्रश्न, ते विचारणाऱ्याच्या नावासह, टिपून ठेवणारा एक चोख कारकून लागेल. भाषणांची टिपणे नसली तरी चालेल.

खुर्च्या हाताच्या असाव्यात, सभागृह तळमजल्यावर असावे, स्वच्छतागृह जवळ असावे आणि दिवे मालवून पडद्यावर चित्रे दाखविणारा वक्ता जेवणानंतरच्या वेळेला ठेवू नये. यापलीकडे व्यवस्थेबद्दल तू जाणतोसच.

मला बोलवावयाचे तुझ्या मनात आहे हे पत्राच्या शेवटच्या ओळीवरून ताडले. पैसेवारीवर बोलेन, मानधन घेणार नाही, प्रवासभत्ताही नको. बडनेऱ्यास उतरून येईन. परंतु परतीची गाडी संध्याकाळची धरावी लागते, तेव्हा त्या दिवशी तरी सभा घड्याळाप्रमाणे सुरू कर.

तुझ्या आईस नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
मामा