कॅमेऱ्याची साक्ष

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत उद्योगधंद्यांची मोठी भरभराट होत होती. गिरण्यांची चाके अहोरात्र फिरत होती आणि खाणींतून कोळशाच्या राशी बाहेर पडत होत्या. परंतु या वैभवाची दुसरी बाजू फार दुःखद होती. १९०० सालच्या जनगणनेत असे आढळून आले की, दहा ते पंधरा वर्षे वयाची सतरा लाखांहून अधिक मुले त्या देशात मोलमजुरी करीत होती. कोणी शेतात, कोणी गिरणीत, तर कोणी खाणीवर राबत होते. पाटी-पुस्तकाशी त्यांचा संबंध उरला नव्हता.

हा आकडा छापून प्रसिद्ध झाला होता. परंतु आकडा वाचून मुलाचा थकलेला चेहरा डोळ्यांपुढे उभा राहत नाही. शिवाय कित्येक मालक म्हणत की, गिरणीत दिसणारी मुले आईबापांना जेवणाचा डबा देण्यास आलेली असतात. शहरांतील सुखवस्तू लोकांना खरे काय ते कळण्यास मार्ग नव्हता.

बालमजुरीविरुद्ध कार्य करण्यासाठी १९०४ साली तेथे राष्ट्रीय बालश्रम समिती स्थापन झाली. समितीने १९०८ साली लुइस हाइन नावाच्या एका शिक्षकास आपल्या कामावर नेमले. हाइन यांचा जन्म १८७४ साली विस्कॉन्सिन राज्यातील ऑशकॉश या गावी झाला. वडिलांच्या मृत्यूमुळे तरुणपणीच त्यांना कारखान्यात दीर्घकाळ कष्ट करावे लागले होते. पुढे न्यूयॉर्क येथील एका शाळेत ते शिकवू लागले. तेथील मुख्याध्यापकांच्या सूचनेवरून त्यांनी कॅमेरा हाती घेतला, आणि तोच त्यांच्या आयुष्याचा सोबती झाला.

त्या काळचा कॅमेरा म्हणजे एक जड पेटी असे. तिच्याबरोबर तिवई, काचेच्या पट्ट्या आणि उजेडासाठी पेटवावयाची मॅग्नेशियमची भुकटी, एवढे सामान वाहावे लागे. हे ओझे घेऊन हाइन गावोगाव हिंडले. गिरणीच्या दाराशी त्यांना अडविण्यात येई. म्हणून कधी ते चित्रे विकणारा फेरीवाला बनत, तर कधी यंत्रांचे फोटो काढावयास आलो आहे, असे सांगून आत शिरत. आत जाण्यासाठी त्यांनी वेष पालटला. मात्र आपल्या चित्रांत कसलीही बनवाबनवी असू नये, असा त्यांचा कटाक्ष असे. छायाचित्र खोटे बोलत नाही हे खरे, पण खोटे बोलणारा मनुष्यही छायाचित्र काढू शकतो, याची त्यांनी लोकांना जाणीव करून दिली होती.

म्हणूनच केवळ फोटो काढून ते थांबत नसत. स्थळ, दिनांक, मुलाचे वय, उंची, कामाचे तास आणि मजुरी यांची ते बारकाईने नोंद करीत. कोणास संशय येऊ नये म्हणून खिशात हात घालून आतल्या आतच ते टिपण लिहीत. आपल्या जाकिटाचे प्रत्येक बटण जमिनीपासून किती उंच आहे, हे त्यांनी मोजून ठेवले होते. मूल शेजारी उभे राहिले की त्याचे डोके कोणत्या बटणापाशी येते, हे पाहून ते त्याची उंची ठरवीत.

१९०८ सालच्या डिसेंबरात उत्तर कॅरोलायनातील व्हिटनेल येथील सुताच्या गिरणीत त्यांनी एका मुलीचे चित्र घेतले. तिची उंची अवघी ५१ इंच, म्हणजे सव्वाचार फूट होती. एक वर्षापासून ती तेथे काम करीत होती. कधी कधी रात्रपाळीही करी. दिवसाची मजुरी ४८ सेंट होती. वय विचारताच ती घुटमळली आणि आठवत नाही, असे म्हणाली. मग हळूच तिने सांगून टाकले की, काम करण्याइतकी ती मोठी नाही, तरीही काम करतेच आहे. त्या गिरणीतील पन्नास कामगारांत तिच्याएवढी दहा मुले होती.

ही टिपणे नसती, तर ते चित्र केवळ एका कृश मुलीचे चित्र राहिले असते. टिपणांमुळे ते पुरावा बनले.

१९११ सालच्या जानेवारीत हाइन पेनसिल्व्हेनियातील पिट्स्टन येथे गेले. तेथे मुलांच्या रांगा ओणव्या बसून वाहत्या कोळशातून दगड निवडीत होत्या. धूळ इतकी दाट होती की पलीकडचे दिसेना. मुलांनी हात आखडता घेऊ नये म्हणून मुकादम कधी त्यांना ढोशी, तर कधी लाथही मारी.

समितीने ही चित्रे पत्रकांतून व प्रदर्शनांतून लोकांपुढे मांडली. आता नाही म्हणणे कठीण झाले. अनेकांच्या प्रयत्नांनी १९१६ साली बालमजुरीला आळा घालणारा कायदा संमत झाला. १९१८ साली सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरविला. तरीही चळवळ थांबली नाही. अखेर १९३८ साली टिकाऊ कायदा झाला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९४० साली, हाइन यांचे दारिद्र्यात निधन झाले. त्यांची पाच हजारांहून अधिक छायाचित्रे टिपणांसह वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जतन केलेली आहेत.

समाजाचा अभ्यास करणारे संशोधक आज छायाचित्रांबरोबर चलच्चित्रांचाही उपयोग करतात. साधने बदलली, तरी कर्तव्य तेच आहे: पाहावे ते नीट पाहावे, टिपावे ते खरे टिपावे, आणि ज्याचे चित्र घ्यावयाचे त्या माणसाचा मान राखावा.

स्वाध्याय
१. मुलांची उंची ठरविण्यासाठी हाइन यांनी कोणती युक्ती योजली?
२. टिपणांमुळे छायाचित्राला पुराव्याचे मोल कसे आले?
३. आत शिरण्यासाठी हाइन यांनी वेष पालटला, हे योग्य होते काय? सकारण लिहा.