राहत्या घराचा अर्ज आणि उशिराची नोटीस

इंग्लंडमध्ये कौन्सिलच्या घरात भाड्याने राहणाऱ्याला 'राइट टू बाय' (आरटीबी) योजनेत तेच घर सवलतीत विकत मागता येतं, हे इथे काही वर्षं काढलेल्या मराठी माणसाला बहुधा ठाऊक असतं. अर्ज केल्यावर कौन्सिल गप्प बसली तर काय करायचं, हे मात्र कुणी सांगत नाही. आमचं घर अडकलं तेव्हा ते आम्हाला शोधून काढावं लागलं.

आम्ही अर्ज दिला तो नेमका सगळ्या देशाने दिला तेव्हा. २१ नोव्हेंबर २०२४ पासून सवलत कमी होणार, असं सरकारने जाहीर केलं होतं. लंडनमध्ये ती जास्तीत जास्त १,३६,४०० पौंड होती. बहुतेक बरोंमध्ये ती एकदम १६,००० वर येणार होती. आदल्या दिवसापर्यंत कौन्सिलच्या हातात पोचलेल्या अर्जांना जुनी सवलत. मग काय, रांगा लागल्या. आम्ही अर्ज पोस्टात न टाकता काउंटरवर दिला आणि पोच मागितली. बाईंनी जरा नाराजीनेच शिक्का मारून दिला. पुढे त्या शिक्क्यावरच सगळं उभं राहिलं, कारण घराची किंमत अर्जाच्या तारखेच्या बाजारभावाने ठरते. उत्तराला कितीही वेळ लागला तरी ती तारीख हलत नाही.

कायद्याने कौन्सिलला मुदती घालून दिलेल्या आहेत. आरटीबी-१ हा अर्ज मिळाल्यापासून चार आठवड्यांत तुमचा हक्क मान्य की अमान्य ते कळवायचं. मधली काही वर्षं तुम्ही दुसऱ्या सरकारी घरमालकाकडे काढली असतील तर आठ आठवडे. हक्क मान्य झाला की किंमत, सवलत आणि अटी सांगणारी 'सेक्शन १२५'ची नोटीस यायला हवी; स्वतंत्र घर असेल तर आठ आठवड्यांत, फ्लॅट असेल तर बारा. आमचा फ्लॅट. बारा आठवडे गेले, आणखी गेले. फोन केला की फाइल सर्व्हेयरकडे, पुढच्या खेपेला लीगलकडे.

आमचे हे म्हणाले, "सरकारी काम, सहा महिने थांब. उगाच त्यांना डिवचू नकोस, भाडेकरू आहोत आपण." आपल्याकडच्या कुठल्याही घरात हेच म्हटलं गेलं असतं. पण इथे उशिराचा भुर्दंड कौन्सिलला आपणहून पडत नाही. भाडेकरूने लेखी मागितलं तरच पडतो. नम्रपणे थांबणारा फक्त भाडं भरत राहतो.

मागायचं कसं, तर त्यासाठी दोन छापील फॉर्म आहेत आणि ते फुकट मिळतात. आरटीबी-६ ही उशिराची पहिली नोटीस. ती दिली की कौन्सिलला उत्तरासाठी किमान एक महिना मिळतो. तेवढ्यात त्यांनी अडलेलं काम केलं किंवा आता आमच्याकडे काही बाकी नाही असं उलट कळवलं, तर प्रश्न मिटला. नाही कळवलं तर आरटीबी-८. त्यानंतर उशिराच्या काळात तुम्ही भरलेलं भाडं घराच्या किमतीत जमा धरावं लागतं. ही सोय १९८८ च्या गृहनिर्माण कायद्याने आली. फोनवरच्या तक्रारीला यात काडीची किंमत नाही, आणि ईमेललाही फॉर्मची सर नाही.

आरटीबी-६ दिल्यावर आमची १२५ ची नोटीस महिन्याच्या आत आली. फाइल सर्व्हेयरकडून कशी परत आली कोण जाणे! पुढे आमचा होकार गेल्यावर भाडेपट्ट्याचा मसुदा लीगलमध्ये पुन्हा रुतला. तेव्हा दुसरी आरटीबी-६ दिली, कारण किंमत कळल्यानंतरच्या रखडपट्टीलाही ती लागू पडते. या वेळी उत्तर आलं नाही, म्हणून आरटीबी-८ दिली. शेवटच्या हिशेबात ते भाडं वजा झालं, पण सॉलिसिटरने आठवण करून दिल्यावर. तुमच्या सॉलिसिटरला ती ओळ तपासायला सांगाच.

कौन्सिलांचं चालढकल करणं जुनंच आहे. हा हक्क १९८० च्या कायद्याने आला आणि दोनच वर्षांत नॉर्विच शहराची कौन्सिल विक्री फार संथ करते म्हणून मंत्री मायकेल हेसल्टाइन यांनी ते काम सरकारच्या ताब्यात घेतलं. कौन्सिल कोर्टात गेली आणि हरली. अर्थात प्रत्येक उशिरामागे खोट असते असं नाही. ग्रेनफेल टॉवरच्या आगीनंतर उंच इमारतींच्या भिंतींची तपासणी मागे लागली आहे, आणि २०२४ च्या त्या लोंढ्याला पुरे पडेल एवढी माणसं कुणाकडेच नव्हती. सवलत कापण्यालाही कारण आहे: इंग्लंडमध्ये आजवर २० लाखांच्या आसपास घरं अशी विकली गेली. स्कॉटलंड आणि वेल्सने तर ही योजना बंदच केली. कौन्सिलच्या घरासाठी ताटकळणारी कुटुंबं पाहिली की सवलत कापणाऱ्यांवर मला रागावता येत नाही. पण ज्याचा अर्ज घेतला त्याला मुदतीत उत्तर देणं हा वेगळा हिशेब आहे.

वाट पाहताना काही गोष्टी सांभाळा. मागितलेलं भाडं चार आठवडे थकलं तर ते पूर्ण भरेपर्यंत कौन्सिलला विक्री पूर्ण करण्याचं बंधन उरत नाही, म्हणून रागाच्या भरात भाडं अडवू नका. बँकेकडे कर्जाचा पक्का अर्ज १२५ ची नोटीस आल्यावरच करा. कर्जाच्या मंजुरीला मुदत असते आणि ती उलटली की व्याजाचा नवा दर गळ्यात पडतो. मुदती तुमच्यावरही आहेत. नोटीस मिळाल्यावर बारा आठवड्यांत घेणार की नाही ते कळवायचं. किंमत जास्त वाटली तर तीन महिन्यांत डिस्ट्रिक्ट व्हॅल्युअर या सरकारी मूल्यमापकाकडे जाता येतं, पण त्याचा आकडा वर गेला तरी तोच धरावा लागतो. स्वतःच्या पैशाने केलेलं स्वयंपाकघर किमतीत धरायचं नसतं, तेव्हा पावत्या काढून ठेवा. आणि फ्लॅटवाल्यांनी नोटिशीतलं मोठ्या दुरुस्त्यांच्या अंदाजाचं पान दोनदा वाचावं. पहिल्या पाच वर्षांत त्या अंदाजापलीकडे महागाईचीच काय ती वाढ लावता येते. सहाव्या वर्षी छताचं बिल येऊ शकतं.

काम रखडलं की मदतीला माणसं येतात, हा त्रास निराळाच. दारात पत्रकं टाकणाऱ्या कंपन्या फुकटचे फॉर्म भरायचे पैसे मागतात. आमच्या भाच्याने पुण्याहून फोन केला, "मामी, पैसे मी घालतो, घर तुमच्या नावावर घ्या, दोन वर्षांनी माझ्या नावावर करू, आत्ताच लिहून ठेवू." मी त्याला सांगितलं, पाच वर्षांच्या आत विकलं तर सवलत परत द्यावी लागते, पहिल्या वर्षी सगळी, मग दर वर्षी पाचवा हिस्सा कमी. दहा वर्षांपर्यंत विकायचं झालं तर आधी कौन्सिलला विचारायचं. आणि पुढे विकू असा करार आज केला तरी कायदा त्याला आजचीच विक्री धरतो. "मग त्यांना कळणार कसं?" तो म्हणाला. मी म्हटलं, "लिहून तूच ठेवणार आहेस ना?" तो गणपतीपर्यंत बोलला नाही.