गार पावले शेकू नका

रक्तदाबाच्या रुग्णांची शुश्रूषा करताना मी त्यांची पावलेही पाहते. चालताना पोटरी दुखते, थांबल्यावर काही मिनिटांत बरे वाटते. हा निव्वळ वयाचा दोष नव्हे, पायाची रक्तवाहिनी अरुंद झाल्याचे लक्षण असू शकते. अशा गार पावलांना गरम पाण्याची पिशवी लावू नये. कातडी बधिर असल्यास भाजलेले कळत नाही आणि रक्त कमी पोचत असल्याने जखम लवकर भरत नाही. त्याऐवजी सैल सुती मोजे घालावेत. विडी, तंबाखू, मिश्री सोडावी. डॉक्टरांना विचारून दुखेपर्यंत चालावे, थांबावे, पुन्हा चालावे. रक्तदाब उतरला म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करू नये. रोज बोटांच्या बेचक्या तपासाव्यात. रात्री अंथरुणातही पाऊल ठणकू लागले किंवा बोट काळे पडले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.